टेबलटॉप रोलप्लेइंग खेळणाऱ्या नव्या ग्रुपसाठी पहिलं सोर्सबुक, म्हणजे खेळाच्या जगाची माहिती देणारं पुस्तक, घेतोय. सगळ्यांना माहीत असलेलं कथाविश्व घ्यावं की अगदी नवं जग?

टेबलावरच्या किती जणांना ते जग ठाऊक आहे, ते आधी विचारा. एकालाच ठाऊक असेल तर ते पुस्तक घेऊ नका.

आमच्याकडे असा एक होता. मी फरगॉटन रेल्म्स, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळातलं एक जग, चालवत होतो, तेही मुद्दाम जुन्या काळातलं, १९८७ च्या पहिल्या बॉक्स्ड सेटमधलं. आमची क्लेरिक, म्हणजे देवाची पुजारीण असलेलं पात्र, मिस्ट्राची प्रार्थना करायला बसली आणि हे महाशय म्हणाले, "कोणती मिस्ट्रा?" रेल्म्स वाचलेल्यांना गोम कळली असेल. जादूची ही देवी तिथल्या सनावळीत १३५८ ला मरते, तिच्या जागी तिचंच नाव घेऊन एक मर्त्य जादूगारीण बसते, १३८५ ला तीही मारली जाते आणि मग स्पेलप्लेग, म्हणजे जादूच बिथरून झालेला उत्पात. खेळाच्या २००८ च्या आवृत्तीने तर काळच शंभरेक वर्षं पुढे नेला. मी म्हटलं, या टेबलावर ती जिवंत आहे, चला पुढे. छे! मोबाइल निघाला, विकी निघालं, "अधिकृत काय ते बघू" सुरू झालं. क्लेरिक खेळणारी मुलगी अगदी नवीन. ती दोनदा म्हणाली, "मग मी प्रार्थना करू की नको?" कोणी लक्षच दिलं नाही. सेशन त्यातच संपलं. पुढच्या वेळी ती आली नाही. महाशय मात्र वेळेवर हजर.

त्यानंतर मी त्याच खेळातलं डार्क सन हे दुसरं जग काढलं. १९९१ चं आहे, पण सांगायला सोपं: वाळवंट, धातू दुर्मीळ, जादू केली की आजूबाजूची झाडंझुडपं राख होतात, देव नाहीतच. एवढं सांगून सगळ्यांना कॅरेक्टर बनवायला बसवलं. देवच नाहीत म्हटल्यावर महाशयही गप्प.

नवं म्हणजे चांगलंच असंही नाही म्हणा. टेकुमेल हे जग १९७५ चं, ते रचणाऱ्या एम. ए. आर. बार्करांनी त्या जगासाठी भाषासुद्धा रचल्या. मला ते वाचायला फार आवडतं, पण नवख्या ग्रुपपुढे ठेवणार नाही. चार वाक्यांत सांगता येत नसेल तर पहिलं पुस्तक म्हणून ते जग नको.

आणि हो, गोष्ट खरोखर सगळ्यांना माहीत असेल तर माझं वरचं म्हणणं लागू नाही. १९८५ च्या पेंड्रॅगन या आर्थर राजाच्या कथांवरच्या खेळात आर्थरचं शेवटी काय होणार हे प्रत्येकाला माहीत असतं, आणि मजा त्यातच आहे.

महाशयांचं अजूनही म्हणणं आहे की डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, सगळं वाचूनच बसावं. का बसावं? पैसे मी दिले, तयारी मी केली, परीक्षाही मीच द्यायची? रेल्म्स घेतलंतच तर पहिल्या सेशनला सांगून टाका: खेळ सुरू होण्याआधीचं पुस्तकातलं सगळं खरं, नंतरचं काहीच अजून घडलेलं नाही. तरी कोणी मोबाइल काढलाच तर तो सेशन संपेपर्यंत तुमच्या स्क्रीनमागे, म्हणजे डीएम टेबलावर उभा करतो त्या आडोशामागे, ठेवा.