आईने ‘ये’ म्हटलं म्हणून गेले नाही

“मॅडम, मी स्वार्थी झालेय का?” असं विचारत आलेली ती २७ वर्षांची, सातारा जिल्ह्यातली, हिंजवडीत नोकरीला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) स्वतंत्र राहायला लागल्यापासून आईचा फोन आला की हिच्या कपाळाला आठी. “जेवलीस का?” एवढ्यानेही चिडायची. अशी मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनाला बरीच येतात. त्यांना वाटतं आपण कोरडे झालो, आईवडिलांना वाटतं पुण्याची हवा लागली.

मी गणपतीचं विचारलं. रजा टाकली होती, एसटीचं तिकीटही काढलं होतं. मग आईचा फोन आला, “या वेळी यायचंच हं, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.” हिने तिकीट रद्द केलं आणि सणाच्या दिवशी फ्लॅटवर रडत बसली.

मला सगळी गोम त्या तिकिटातच दिसली. जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडलं होतं, की आपली निवड कोणी हिरावतंय असं वाटलं की माणूस ती परत मिळवायला उसळतो; सक्ती झालेली गोष्ट, मुळात हवी असली तरी, नकोशी होते. पण आई म्हणते म्हणून जाणं काय आणि आई म्हणते म्हणून न जाणं काय, ठरवते आईच! हे ऐकून ती उखडली. “म्हणजे परत सगळं ऐकायचं?”

अजिबात नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत स्वायत्तता आणि आपलेपणा या दोन्ही माणसाच्या मूलभूत गरजा आहेत. आम्ही एवढंच ठरवलं: फोन टाळायचा नाही. “आई, कामात आहे, रात्री नऊला करते,” म्हणायचं आणि नऊला खरंच करायचा. तो केला नाही तर ती नुसती टोलवाटोलवी. शिवाय आईने काही सुचवलं की आधी स्वतःला विचारायचं, ती बोललीच नसती तर मी काय केलं असतं?

आईला ते लागलं. “आता लेकीची अपॉइंटमेंट घ्यायची का?” असे टोमणे काही दिवस चाललेच. दिवाळीला ती दोन दिवस गेली. आईला चार हवे होते. निघताना वाजलं, तरी चकल्यांचा डबा हिने मागून घेतला.

लग्नाचा विषय अजून निघायचाय. त्यासाठी दोघी मिळून माझ्याकडे येणार आहेत. कल्पना आईची, आणि तरीही लेक हो म्हणाली.