ऑपरेशन झालेला जोडीदार आणि घरच्या वर्कशॉपमधली मशिनं, दोन्ही एकट्याने कसं सांभाळायचं?

तुम्ही विचारलंय की पत्नीचा खुब्याचा सांधा नुकताच बदललाय, घराला लागून वर्कशॉप आहे, त्यात लेथ (लोखंड फिरवत कापायचं मशीन), ड्रिल मशीन आणि कॉम्प्रेसर आहे. तर तिची शुश्रूषा आणि मशिनांचं मेंटेनन्स यांचं वेळापत्रक कसं बसवायचं, आणि लेथ दोनतीन महिने बंद राहिलं तर बिघडेल का. शेवटी एक ओळ टाकलीय, ‘घरचे म्हणतात, या दिवसांत मशीनकडे बघणं हा स्वार्थ आहे.’ मी लिहायला बसले ती या शेवटच्या ओळीमुळे.

स्वार्थ नाही. ठामपणे सांगते, कारण हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकलंय. आमच्याकडे अंथरुणात नवरा होता आणि लेथ त्याचं. मी त्याच्याबरोबर त्या वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं काढलीत की टूलला धार लावणं सोडलं तर बहुतेक सगळं मला येतं. ऑपरेशन खुब्याचंच, मागच्या बाजूने केलेलं. त्यामुळे तुम्हाला सांगितली असतील तीच पथ्यं आम्हालाही होती: खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, ऑपरेशनचा पाय आतल्या बाजूला वळवायचा नाही, खालच्या खुर्चीत बसायचं नाही. हे तुम्हाला पाठ असणार, म्हणून त्यात शिरत नाही.

मदतीला नणंद आली होती. मनापासून आली होती आणि राबलीही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. उंच केलेल्या कमोडमुळे बाथरूम रोज घासायला लागायची. तिने त्यासाठी ॲसिडची बाटली आणली आणि ‘पेशंटच्या आसपास नको’ म्हणून वर्कशॉपमधल्या रॅकवर ठेवली, लेथच्या टेलस्टॉकच्या, म्हणजे जॉबला (कापायच्या तुकड्याला) दुसऱ्या टोकाने आधार देणाऱ्या भागाच्या, अगदी वर. झाकण नीट बसलेलं नव्हतं. नीट बसलं असतं तरी फार फरक पडला नसता, ते ॲसिड झाकणातूनही वाफाळतं.

काही दिवसांनी मी व्हर्नियर (मोजमापाचं हत्यार) आणायला आत गेले. दिवा लावला तर टेलस्टॉकच्या बाहेर आलेल्या स्पिंडलवर (दांड्यावर) नारिंगी पूड बसलेली. बोट फिरवलं तर बोट तपकिरी. ड्रिल चकचे जबडे तसेच. मायक्रोमीटरच्या थिंबलवरच्या (फिरत्या टोपीवरच्या) रेघा वाचता येत नव्हत्या. पण चकच्या (जॉब पकडून फिरवणाऱ्या जबड्यांच्या) बाजूचा बेड, म्हणजे लेथचा लांब पाया, जिथे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तेलाचा हात फिरवला होता, तो स्वच्छ चकचकीत. रॅकपासून जेवढं लांब जावं तेवढा गंज कमी. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नणंदेचं म्हणणं होतं की मशीन बंद पडलं की गंजतंच, बाटलीचा काय संबंध. संबंध होता. हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ हवेतला ओलावा धरते आणि उघड्या लोखंडावर बसते. त्यातलं क्लोराइड तिथेच राहतं, म्हणून नुसतं कोरड्या फडक्याने पुसलं तर दुसऱ्या दिवशी गंज परत येतो. नुसतं बंद पडून गंजलं असतं तर सगळीकडे सारखं गंजलं असतं, बाटलीच्या खालीच नाही.

तो दिवस मी त्यात घालवला. आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घेतलं, मग साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने, मग लगेच कोरडं, मग रॉकेल आणि अगदी बारीक स्टील वूल, शेवटी तेल. बेडला आणि टेलस्टॉकच्या स्पिंडलला पॉलिश पेपर कधीच लावू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. गंजाबरोबर मापही जातं.

मधल्या वेळात नणंद दोनदा येऊन म्हणाली, “वहिनी, तो आत एकटा पडलाय आणि तू लोखंड पुसत बसलीयेस?” तो एकटा नव्हता, ती होती, आणि मला त्याच्या खोलीतून हाक स्पष्ट ऐकू येत होती. पण ते वाक्य तिने त्याच्यासमोरही म्हटलं. आणि गंज चढलाय, हे त्याला तिच्याकडून कळलं.

रात्री मला जाग आली तर पलंग रिकामा, वॉकर पलंगाला टेकलेला. वर्कशॉपच्या दारात एक पायरी खाली आहे. तो चौकट धरून उभा होता. ऑपरेशनचा पाय खाली, चांगला पाय वर, आणि टेलस्टॉककडे बघायला कमरेतून पुढे झुकायच्या बेतात. खालची फरशी मी दुपारी धुतलेली, मशीनखाली अजून ओल होती. मी मागून त्याच्या कमरेला घट्ट धरलं आणि आधी सरळ उभं केलं. मग वॉकर आणला नाही, त्याला सोडून जाणं शक्यच नव्हतं. नणंदेला हाक मारली, तिने आणला. चढताना चांगला पाय आधी, एवढंच मी त्याच्या कानाशी म्हणत राहिले.

सकाळी नणंद म्हणाली, “विकून टाक ते मशीन. त्याच्यापायी माझा भाऊ पडला असता.” मी म्हटलं, “ताई, मशीनची खबर त्याला अर्धीच मिळाली, त्यापायी तो उठला. पूर्ण मिळाली असती तर झोपला असता.”

त्या दिवसापासून संध्याकाळची गोळी झाली की मी वर्कशॉपमध्ये जायचे, पुसायचे, तेल द्यायचे, आणि फोनवर फोटो काढून त्याच्या उशाशी बसून दाखवायचे. स्पिंडलवर कुठे खड्डे राहिलेत, कुठे नुसता डाग आहे, चक उघडझाप करताना कुठे अडतोय. तो विचारायचा, मी सांगायचे, आणि ऐकताना घोटे वरखाली करायचा व्यायाम त्याचा आपोआप व्हायचा, एरवी ज्यासाठी मागे लागावं लागायचं. रात्री तो परत उठला नाही. नणंद आजही म्हणते की तो गोळ्यांमुळे झोपायचा. ज्या रात्री उठला त्या रात्रीही गोळ्या त्याच होत्या. यावर तिच्याकडे उत्तर नाही आणि मी तिचं म्हणणं मान्य केलेलं नाही.

तर तुमच्या घरच्यांना माझ्यातर्फे सांगा की बंद मशीनला तेल देणं हे घरातल्या माणसाकडे दुर्लक्ष नाही. ज्या हातांनी वर्षानुवर्षं काम केलंय त्यांना काही आठवडे नुसतं उशाशी बसवून ठेवलं तर माणूस चिडचिडा होतो, आणि ती चिडचिड झेलते कोण? अंथरुणात पडलेलं माणूसच. कोणी लोखंड विकायचा सल्ला देत असेल तर त्याला विचारा की तुमच्या पत्नीला उठवून बसवायला तो रोज येणार आहे का.

पण मशीन चालवायचं नाही. इथे मी तुमच्या घरच्यांच्या बाजूची आहे.

वेळापत्रक तुम्ही मागितलंय, ते मी देणार नाही, कारण ते टिकत नाही. पहिल्या आठवड्यांत पेशंटची गरज घड्याळ बघून येत नाही. मशीनचं काम वेळेने वाटण्यापेक्षा एकच गोष्ट विचारा: हाक आली तर हे मी याच क्षणी, आहे तसं सोडून जाऊ शकतो का? पुसणं, तेल देणं, टी-स्लॉटमधल्या (टेबलाच्या खाचांमधल्या) चिप्स, म्हणजे लोखंडाचा कीस, ब्रशने काढणं, बेल्ट तपासणं, मोजमापाची हत्यारं तेलकट कागदात गुंडाळणं, ही सगळी सोडता येतात. फिरता जॉब सोडता येत नाही. घाईत उठलेला माणूस चकची चावी चकमध्येच विसरतो, आणि पुढच्या वेळी स्विच दाबला की ती चावी कुणाच्या तोंडावर येईल सांगता येत नाही. शिवाय तुम्ही रात्री दोनतीनदा उठताय. अपुऱ्या झोपेच्या माणसाने फिरत्या स्पिंडलसमोर उभं राहू नये, एवढं तरी ऐका. तुमचा हात गेला तर तिला उठवणार कोण?

हेडस्टॉक (चक फिरवणारा भाग), एप्रन (टूल सरकवणाऱ्या भागाची पुढची पेटी), गिअरबॉक्स यातलं काहीही आत्ता उघडू नका. एका बैठकीत बंद होणार नाही ते काम म्हणजे अर्धं उघडं राहणारं काम. चक उतरवायचा मोह होईल, तोही आवरा. त्या वजनाने तुमची कंबर धरली तर घरात दोन पेशंट.

कूलंट (कापताना जॉब थंड ठेवणारं द्रव) मात्र लगेच काढून टाका. पाण्यात मिसळणारं दुधाळ कूलंट साचून राहिलं की वर तेलाचा थर धरतो, खाली हवा मिळत नाही, आणि हवेशिवाय वाढणारे जिवाणू सडक्या अंड्यासारखा वास सोडतात. ते पाणी जिवाणूंनी भरलेलं असतं. त्या हातांनी पत्नीच्या जखमेच्या टाक्यांच्या आसपास जाणं मला चालत नाही, साबणाने धुतले तरी. कूलंटची टाकी रिकामी करून पुसून कोरडी ठेवा.

गाइडवेला (बेडवरच्या सरकपट्ट्यांना) ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल पातळसर फिरवा. ग्रीस फासू नका. त्यात धूळ आणि बारीक चिप्स रुततात आणि कॅरेज (टूल धरून सरकणारा भाग) हलवलं की तेच पॉलिश पेपरचं काम करतात. प्लॅस्टिकने गुंडाळूही नका, आत दव धरतो. सुती चादर, तिला तेलाचा हात, बस. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड झपाट्याने गंजायला लागतं, म्हणून दमट दिवसांत फक्त गाइडवेवरचं बोट फिरवून बघा. कोरडं लागलं तर परत तेल. कॉम्प्रेसरची हवा सोडा, खालचा ड्रेन कॉक उघडून पाणी काढा, आणि तो उघडाच राहू द्या. बंद टाकीत राहिलेलं पाणी आतून पत्रा खातं आणि बाहेरून काही दिसत नाही.

वर्कशॉपच्या चपला दाराच्या आत येऊ देऊ नका. तळव्यात रुतलेली एक चिप घरातल्या फरशीवर पडली आणि त्यावर वॉकरचा रबर आला तर घसरायला तेवढं पुरतं. तेलाचा एक थेंबही तसाच. ड्रेसिंग बदलायच्या आधी नखांच्या कडांना अडकलेले लोखंडाचे बारीक काटे उजेडात बघून काढा, नुसत्या हात धुण्याने ते निघत नाहीत. पत्नीला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर छोटंसं ओरखडणंही लवकर थांबत नाही, म्हणून ‘जरा हा नट धर’ असं तिला आत्ता सांगू नका. आणि ॲसिडची बाटली कुठे आहे ते आज बघा.

हे सगळं खुब्यासाठी आणि लेथसाठी. दुसऱ्या पेशंटला दुसरे नियम. कोणाला पेसमेकर बसवला असेल तर त्याच्या आसपास वेल्डिंग करायच्या आधी डॉक्टरांना विचारा. घरात ऑक्सिजन लावलेला असेल तर ग्राइंडरची ठिणगी तिथे चालणार नाही आणि तेलकट हात ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला लावायचा नाही, त्यातून आग लागते. फुप्फुसाचा पेशंट असेल तर थिनर आणि पेंट दोन्ही बंद. आणि माझ्या नवऱ्याला मशीनची खबर ऐकून बरं वाटायचं, तुमच्या पत्नीला वाटेलच असं नाही. तिला आवाज, वास, त्या खोलीचा विषय नको असेल तर तिच्यासमोर काढू नका. तिला विचारा, नातेवाइकांना नको.

पोटरी सुजली, दुखायला लागली, दम लागला, ताप आला किंवा टाक्यांतून स्राव आला तर हातातलं फडकं तिथेच टाका आणि दवाखाना गाठा. डॉक्टरांनी माझ्यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच खरं.

आणि तुमच्या प्रश्नातला राहिलेला भाग: हो, लेथ दोनतीन महिने बंद राहिलं तर काही बिघडत नाही, वर सांगितलं तेवढं केलं तर. गिअरबॉक्सचं तेल तेवढं थांबतं. परत सुरू कराल तेव्हा मेन स्विच बंद ठेवून जुनं तेल पुसा, नवीन द्या, चक हाताने पूर्ण फिरवून बघा, मग सगळ्यात कमी स्पीडवर काही मिनिटं रिकामं चालवा आणि हेडस्टॉकला हात लावून कुठे जास्त गरम होतंय का बघत राहा. तो दिवस असा निवडा की घरात पत्नीजवळ दुसरं कोणीतरी बसलेलं असेल.