जुन्या शिसवी आरामखुर्चीच्या दुरुस्तीसाठी तसंच लाकूड पुण्यात कुठे मिळेल?

वखारीत सगळ्यात शेवटी जा. जुन्या शिसवीला जुळणारा तुकडा मिळतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी मोडक्या शिसवी वस्तूत, आणि त्याहीआधी तुमच्याच खुर्चीत.

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या आरामखुर्चीचा मागचा एक पाय खालून वाळवीने पोखरलाय, एका लांब हाताच्या टोकाचा तुकडा उडालाय, आणि सुतार म्हणतोय, "सागाचं घालतो, वरून काळपट पॉलिश मारलं की कळणार नाही." पॉलिश ताजं असेपर्यंत नाही कळणार. पण खुर्चीचा हात रोज घासला जातो. तिथलं पॉलिश झिजलं की खालून पिवळा साग डोकावतो, आणि एकदा दिसला की नजर तिथेच जाते. मी हौसेने सुरू करून आता लोकांचं जुनं फर्निचर दुरुस्त करून देते. माझ्याकडे येणाऱ्या कामात असं ठिगळ काढून पुन्हा नीट बसवायचं काम बरंच असतं.

आधी एक खात्री करा: खुर्ची खरंच शिसवी आहे का? घरात पिढ्यान्पिढ्या 'शिसवी' म्हणवल्या गेलेल्या कितीतरी वस्तू काळं पॉलिश मारलेल्या सागाच्या निघतात. पायाच्या तळाशी, जिथे लाकडाचा आडवा छेद दिसतो, तिथे धारदार पटाशीने पातळ चकती काढा, बोट ओलं करून फिरवा आणि भिंगातून बघा. सागात दरवर्षीच्या वलयाच्या सुरुवातीला मोठी छिद्रं ओळीने दिसतात. शिसवीत छिद्रं विखुरलेली असतात, ओळ नसते. रंग जांभळट तपकिरी, मधूनमधून काळ्या रेघा, आणि हातात घेतल्यावर वजन जाणवतं. सागाच्या ताज्या भुशाला चामड्यासारखा तेलकट वास येतो, तो एकदा घेतला की विसरत नाही.

साग निघाला तर तुमचं काम सोपं. पुण्यात वाडे पाडले जातात तेव्हा खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या विकायला निघतात आणि त्यातला बराचसा जुना, दाट वलयांचा साग असतो. फक्त लागवडीतला नवा साग घेऊ नका. त्याची वलयं रुंद असतात आणि जुन्या लाकडाशेजारी तो फिकट, पोकळ दिसतो.

शिसवी निघाली तर वाड्यांच्या लाकडावर फार आशा ठेवू नका, कारण शिसवी तुळयांना क्वचित वापरायचे, ती जायची फर्निचरला. म्हणून शोधायचं तेही फर्निचरच. एक पाय नसलेला पलंग, फुटकं टेबल, तुटलेली झोपाळ्याची फळी, आरशाची कुजकी चौकट. मला सगळ्यात आवडतात ते जुन्या पलंगाचे कातीव पाय. तीन इंच जाडीचा पाय उभा चिरला की आतून अशी स्वच्छ शिसवी निघते की ती वखारीत पैसे देऊनही मिळायची नाही.

पुण्यात जुना बाजार (बुधवारी आणि रविवारी भरतो) सकाळी लवकर गाठा. लाकूडवाल्याला "शिसवी आहे का" विचारू नका, हो म्हणेल. "मोडकं काय आहे" विचारा. मुंबईला जाणं होत असेल तर ओशिवऱ्याला जोगेश्वरीच्या बाजूची जुन्या फर्निचरची दुकानं आणि चोर बाजारातली मटन स्ट्रीट. दुकानात मांडलेल्या मालाचे भाव ऐकून घाबरू नका, तुम्हाला हवाय तो मागच्या बाजूला पडलेला ढीग. दुरुस्तीत उरलेले तुकडे ही मंडळी फेकत नाहीत. कोकणात किंवा गोव्यात कोणी नातेवाईक असतील तर त्यांच्या माळ्यावर, गोठ्यात काय पडलंय ते आधी विचारा.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये 'शीशम' मागितलंत तर बहुधा उत्तरेकडचं शिसू पुढे येईल, जोधपूर-सहारनपूरच्या फर्निचरला वापरतात ते. लाकूड उत्तम, शिसवीचं भावंडच, पण सोनेरी तपकिरी. जांभळी झाक नाही, त्यामुळे शेजारी बसवलं की परकं दिसतं. खरी शिसवी मिळालीच तर पावती घ्या. जंगलातून येणाऱ्या अशा लाकडाला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो, आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याच्याकडून स्वस्तात घेण्यात शहाणपणा नाही.

आता, लाकूड लागणार किती? पाय पूर्ण बदलायचा ठरवला तर तो बाकदार आहे हे लक्षात घ्या. असे पाय वाकवलेले नसतात, रुंद फळीतून त्या आकारात कापलेले असतात. पाय दीड-दोन इंचांचा दिसला तरी फळी सहा इंच रुंद हवी. दोन फूट लांब, सहा इंच रुंद, दोन इंच जाड म्हणजे २×६×२ भागिले १४४, घनफुटाचा सहावा हिस्सा. एवढ्यासाठी वखारवाला ओंडका चिरत नाही, आणि मोडक्या वस्तूत सहा इंच रुंदीही सहसा सापडत नाही.

म्हणून पाय पूर्ण बदलूच नका. वाळवीने खालचे चार-पाच इंच खाल्ले असतील तर तेवढंच कापून खाली नवीन तुकडा तिरप्या सांध्याने जोडता येतो. तिरप्या उताराची लांबी जाडीच्या सहा ते आठ पट ठेवायची, दीड इंच जाडीला नऊ ते बारा इंच. सांधा पायाच्या आतल्या बाजूला घेतला की समोरून दिसतही नाही. मग तुम्हाला सव्वा-दीड फुटाचा, दोन-अडीच इंची तुकडा पुरतो, आणि तो पलंगाच्या पायातून आरामात निघतो.

हाताच्या तुकड्यासाठी आणखी सोपी युक्ती आहे. खुर्ची उलटी करा. मागचे पाय जोडणारी खालची आडवी पट्टी भिंतीकडे असते, ती कोणी बघत नाही. ती काढून तिच्यातून हाताचा तुकडा काढा आणि पट्टीच्या जागी तुमच्या सुताराचा साग बसू द्या. तिथे सागाला माझी काहीच हरकत नाही. त्याच झाडाचं, त्याच घरात, तेवढीच वर्षं वाळलेलं लाकूड याहून जुळणारं कुठे मिळणार?

तुकडा निवडताना रंगापेक्षा रेषा बघा. रंग नंतर चपड्याच्या पॉलिशने आणि थोड्या रंगद्रव्याने आणता येतो, रेषेची दिशा नाही आणता येत. हाताच्या वरच्या बाजूला रेषा सरळ असतील तर तुकड्यातही सरळच हव्यात. ताजी रंधलेली शिसवी जुन्यापेक्षा जास्त जांभळी दिसेल, त्याने बिचकू नका. उजेडात राहिली की ती तपकिरीकडे झुकते, त्यामुळे पॉलिशची घाई न करता तुकडा काही दिवस उन्हात ठेवा.

बाजारातून आणलेल्या लाकडावर आधी चुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा राहिला तर रंध्याचं पातं जातं, आणि सॉमिलवाला परत दारात उभं करत नाही. भुसा नाकात-त्वचेला झोंबतो, मास्क लावा. जुने सांधे बहुधा सरसाचे असतील. गरम पाण्याच्या फडक्याने शेकले तर सुटतात, हातोडी घालू नका. सरस पूर्ण खरवडल्याशिवाय फेविकॉल धरत नाही.

खुर्ची पुढे परदेशी न्यायचा विचार असेल तर आत्ताच सांगते: डाल्बर्जिया वर्गातली जवळपास सगळी झाडं, म्हणजे शिसवीसुद्धा, २०१७ पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत आहेत, त्यामुळे कागदपत्रांची चौकशी आधी करा.

पायाला खालून वर टोच्याने टोचत जा आणि घट्ट लाकूड किती इंचांवर लागतं ते कळवा. फुटाच्या वर गेलं असेल तर सांधा वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागेल, तो फोटो बघून सांगते.