छपरापेक्षा जमिनीकडे बघायला सांगा

प्रश्न : मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. थीसिससाठी तिने स्पेनमधल्या सेव्हिलच्या त्रियाना या जुन्या वस्तीत फ्लामेंको या स्पॅनिश नाच-गाण्याचं कला केंद्र, असा विषय घेतलाय. साताऱ्यातले वाडे पडायला आलेत, ते सोडून स्पेन कशाला? आणि यावर नोकरी कोण देणार? – एक वडील, सातारा

नमस्कार. नोकरीची काळजी जरा बाजूला ठेवू, कारण मुलाखतीत विषयाचं गाव कुणी विचारत नाही. पोर्टफोलिओ चाळणारा हात एखाद्या नीट सोडवलेल्या सेक्शनवर, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदावर, थांबतो, एवढंच.

तुम्ही पाठवलेली तिची दोन स्केचेस पाहिली. गिरकीतल्या घागऱ्यासारखं छप्पर आणि तळघरात नाट्यगृह. घागरा काढून टाकायला सांगा. फ्लामेंको म्हटलं की तो कुणाच्याही कागदावर आपोआप येतो. तळघराचं दुखणं मोठं आहे. सेव्हिलमध्ये खणलं की रोमन काळ वर येतो. एन्कार्नासिऑन चौकात भूमिगत पार्किंगसाठी खोदायला घेतलं, खाली रोमन अवशेष लागले, पार्किंग बारगळलं. शेवटी 2011 मध्ये तिथे लाकडी छत्र्यांची ती प्रसिद्ध रचना पूर्ण झाली आणि अवशेष तिच्या पोटात जपले गेले. त्रियाना तर ग्वादलकिवीर नदीला लागूनच. पाणी किती फुटांवर लागेल, हे ज्युरी विचारणारच. बड्यांचंही अडतं : स्पेनमधल्याच हेरेसच्या जुन्या गावातल्या फ्लामेंको संकुलाची स्पर्धा 2003 मध्ये हर्झोग आणि द म्यूरॉन या नामवंत स्विस वास्तुविशारदांनी जिंकली, पण त्यांच्या आराखड्यातलं संकुल काही उभं राहिलं नाही.

तिने नऊ वर्षं कथक केलंय, असं तुम्ही लिहिता. मग खरा विषय तिच्या पायाखालीच आहे. फ्लामेंकोच्या बुटांना टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे ठोकलेले असतात. जमीन हे तिथे वाद्यच. बुलेरियास या फ्लामेंको प्रकाराचं चक्र 12 मात्रांचं, जोर 12, 3, 6, 8, 10 वर. 12 मात्रांचाच चौताल हातावर मोजणाऱ्या मुलीला ते लवकर उमगेल. आता ही लाकडी जमीन गुडघे वाचवण्यासाठी थोडी लवचिक हवी, वाजण्यासाठी खाली पोकळी हवी, आणि भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत ठोक्याचा हादरा शेजारच्या आजीच्या पलंगापर्यंत जाता कामा नये. हवेतून येणारा आवाज जाड भिंत अडवते. हादरा मात्र त्याच भिंतीतून प्रवास करतो. म्हणून रबरावर तरंगती जमीन, तिच्या कडा भिंतीपासून सुट्या, खोलीत दुसरी खोली. हा तपशील 1:10 या प्रमाणात तिने स्वतः काढावा.

दुसरं, केंद्र कुणासाठी? त्रियानात ‘कोर्राल दे वेसिनोस’ म्हणून घरं असत : मधे चौक, भोवती बिऱ्हाडं, नळ सामाईक. आपली चाळच. जिप्सी कुटुंबांचं गाणंबजावणं अशा चौकांत वाढलं आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यातल्या बहुतेकांना शहराच्या कडेला हलवलं गेलं. तिकीट काढणारा पर्यटक पुढच्या दारातून आणि शिकायला येणारी पोरं मागच्या बोळातून, असा प्लॅन झाला तर मी गुण कापीन. तिथलंच सिरॅमिक केंद्र तिने अभ्यासावं. जुन्या भट्ट्या राखून नवी इमारत घरांच्या मागे गुपचूप बसवली आहे.

साइट प्रत्यक्ष न पाहणं ही मात्र उणीवच. स्पेनच्या कातास्त्रो या सरकारी भू-नोंदणीचे प्लॉटचे नकाशे ऑनलाइन फुकट मिळतात, तेवढ्यावर गाइड तयार असतील तरच पुढे जावं.

पुढचं थोडक्यात. स्पेनमध्ये वास्तुविशारद म्हणून सही करायला भारतीय पदवीला तिथली मान्यता लागते आणि ते काम रेंगाळतं, त्यामुळे या थीसिसवर परदेशाचे बेत बांधू नका. ध्वनिशास्त्राचे सल्लागार आपल्याकडे मोजके आहेत. अशा ऑफिसात ही जमिनीची शीट चालेल. वारसा संवर्धनाकडे ओढा असेल तर दिल्लीच्या एसपीए या वास्तुकला संस्थेसाठी गेट ही प्रवेश परीक्षा, किंवा अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ. तुमचे वाडे तिथे भेटतीलच.

तिच्या कथकच्या क्लासखाली कुणी राहतं का? असेल तर एका संध्याकाळी त्यांच्याकडे बसून वरचा तत्कार, म्हणजे पायांचे ठोके, मोबाइलवर रेकॉर्ड करून आणू दे. पंखा हलतो का, तेही बघायला सांगा.