ग्रिड आणि गोल अक्षरे

प्रश्न : मी भौमितिक वळणाचा रोमन आणि देवनागरी फाँट आखतो आहे. एम, म्हणजे अक्षर ज्यात आखतात तो मापाचा चौकोन, १००० युनिटांचा असून ग्रिडचे अंतर १० ठेवले आहे, म्हणजे बिंदू दहाच्या पटीतच बसतात. रोमन ‘ओ’ बाहेरून ३५० आणि आतून २७० त्रिज्येचा, म्हणजे जाडी ८० युनिट. तरी तिरक्या दिशेला ती बारीक दिसते. ग्रिड बंद करावे, तर निर्देशांकांत दशांश येतात. काय करावे?

उत्तर : आपल्या डोळ्याने बरोबर हेरले आहे. बेझिए वक्रांच्या (बिंदू आणि त्यांना जोडलेल्या ‘हँडल’ नावाच्या नियंत्रक रेषांनी आकार घेणाऱ्या वक्रांच्या) चार तुकड्यांतून वर्तुळ साधायचे, तर प्रत्येक हँडलची लांबी त्रिज्येच्या सुमारे ०.५५२३ पट लागते. आपल्या अक्षरात ती बाहेर १९३.३ आणि आत १४९.१ येते. अंतर १० असल्याने ही हँडले अनुक्रमे १९० आणि १५० वर जाऊन बसतात, त्यामुळे ४५ अंशांवर बाहेरचा वक्र पावणेदोन युनिट आत ओढला जातो, आतला जवळजवळ अर्धा युनिट बाहेर फुगतो आणि जाडी ७७.८ उरते. अंतर १ केल्यास हँडले १९३ आणि १४९ होतात व जाडी ७९.९ मिळते, एवढ्यावर समाधान मानावे.

ग्रिड पूर्ण बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही. ट्रूटाइप या प्रचलित स्वरूपाच्या फाँटमध्ये बिंदूंचे निर्देशांक पूर्णांकच असतात, म्हणजे दशांश शेवटी कापले जाणारच, आणि तेही आपल्या नजरेआड. खरा धोका आखूड हँडलांना असतो : पाच युनिटांचे हँडल अर्धा युनिट बाजूला सरकले, तर वक्राची दिशा पाच-सहा अंशांनी बदलते आणि सांध्यावर टोक दिसते; दीडशे युनिटांच्या हँडलला तेवढ्याने काही होत नाही. आकार फिरवायचा असेल, तर दर वेळी मूळ प्रतीवरूनच एकदा फिरवावा. फिरवलेलाच पुन्हा फिरवत गेल्यास पूर्णांकन साचत जाते.

शिरोरेषेच्या वरच्या-खालच्या कडा आणि दांड्याची रुंदी यांना मात्र दहाच्या पटीतली मापे खुशाल द्यावीत, कारण शिरोरेषा एका जरी अक्षरात युनिटभर वर-खाली झाली, तरी मोठ्या आकारात शब्दावर पायरी उमटते.

आणखी एक : जाडी सर्वत्र काटेकोर ८० ठेवली, तर ‘ओ’चा माथा आणि तळ डोळ्याला जाड भासतात. ते दोन्ही हाताने थोडे बारीक करावे लागतात, आणि ते काम कोणतेही ग्रिड करून देत नाही.