मे महिना, जळगाव आणि तापलेला अमिगा

प्रश्न : नमस्कार दादा, काकांनी १९९३ साली जर्मनीहून आणलेला अमिगा १२०० हा जुना होम कॉम्प्युटर माझ्याकडे आहे. दिवाळीत त्यात ६८०६० (थोडक्यात ०६०) या वेगवान प्रोसेसरचं कार्ड टाकलं आणि जुनी हार्डडिस्क काढून सीएफ कार्ड (मेमरी कार्ड) लावलं. थंडीत झकास चालला, आता मे लागल्यापासून अर्ध्या तासात हँग होतो, कीबोर्डची बटणंसुद्धा कोमट लागतात. बाहेरचे लोक छातीठोक सांगतात की ०६० ला फॅन लागतच नाही. मग माझ्याकडेच का असं? फॅन लावू का, आणि कुठे?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : ते लोक खोटं बोलत नाहीयेत हो, फक्त ते २० डिग्रीच्या खोलीत बसून बोलतायत. हीटसिंक (चिपची उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) म्हणजे काही एसी नाही, आजूबाजूच्या हवेपेक्षा गार तो कधीच होणार नाही. समजा चिप हवेपेक्षा ३० डिग्री वर राहते, तर तिकडे ती ५० ला आणि तुमच्याकडे पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ७० ला, बाकी सगळं तेच. आणि ती "हवा" म्हणजे खोलीतली नाही बरं का, डब्याच्या आतली, जी अजून तापलेली असते.

१२०० आला ऑक्टोबर १९९२ मध्ये, आत १४ मेगाहर्ट्झचा ६८ईसी०२० प्रोसेसर, फॅन नाहीच कारण गरजच नव्हती. आता तुम्ही त्याच प्लास्टिकच्या डब्यात ५० मेगाहर्ट्झचं कार्ड कोंबलंय, तेही खालच्या झाकणात, कीबोर्डच्या पोटात, जिथे वाऱ्याला शिरायलाच वाव नाही. त्यातल्या त्यात नशीब की ०६० हा ३.३ व्होल्टवर चालतो, त्याच्या आधीचा ०४० प्रोसेसर असता तर ५ व्होल्टवर तव्यासारखा तापला असता.

पण खर्च करण्याआधी नक्की गरमीच आहे ना ते बघा. वरचं कव्हर काढून ठेवा, टेबलफॅन समोर लावा आणि तासभर एखादा जड गेम चालू द्या. हँग झाला नाही तर गरमी. तरीही झाला, त्यातून फ्लॉपी किंवा सीएफ कार्ड वाचताना झाला, तर पॉवर सप्लायवर संशय घ्या. १२०० चा मूळ सप्लाय ५ व्होल्टला जेमतेम ३ अँप देतो, म्हणजे १५ वॅट, एवढ्यात बोर्ड, फ्लॉपी आणि वरून नवीन कार्ड. मल्टिमीटर फ्लॉपीच्या पॉवर कनेक्टरवर लावा, मशीन चालू असताना ४.८ च्या खाली दिसलं तर आधी दणकट सप्लाय बघा, म्हणूनच तर कितीतरी जण अमिगा ५०० चा जाडजूड सप्लाय १२०० ला लावतात. लोक या भानगडीत दोन-दोन फॅन लावून बसतात आणि दुखणं भलतीकडेच असतं (मीपण बसलोय, सांगायला लाज नाही).

गरमीच निघाली तर माझा सल्ला असा की आधी हवेला वाट, मग फॅन. मशीन खालून दोन सेंटिमीटर उचला, रबराचे बूट मिळतात, नाहीतर बाटल्यांची बुचं चालतील. खालचं छोटं झाकण काढूनच ठेवा. आतला वरचा पत्र्याचा शिल्ड काढा, पण भंगारात देऊ नका, पिशवीत घालून ठेवा. आता गार हवा खालून येते आणि मागच्या वरच्या फटींतून निघून जाते. एवढ्यानेच बऱ्याच वेळा काम होतं, पण जळगावात मे महिन्यात... नाही होणार, तेव्हा ४० मिलिमीटरचा फॅन घ्याच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल. ५ व्होल्टचाच घ्या, फ्लॉपीच्या पॉवरवरून जोडता येतो. १२ व्होल्टचा फॅन ५ वर शांत चालतो खरा पण काही फॅन त्यावर सुरूच होत नाहीत, वळवळतात नुसते. फॅनचं तोंड कार्डाकडे, वारा आत फेकणारा. बाहेरून मच्छरदाणीचा तुकडा लावा आणि महिन्याला झटका, आपल्याकडची धूळ तुम्हाला मी काय सांगायची.

हीटसिंक चिकटवताना चिप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि थर्मल टेपच वापरा, फेव्हिक्विक नको. कार्डाचं तोंड वर की खाली हे कार्डागणिक बदलतं, खाली असेल तर हीटसिंक उलटा लटकणार, टेप ढिली झाली की धातूचा तुकडा सरळ सर्किटवर. आणि सगळे प्रोसेसरवर हीटसिंक लावतात पण कार्डावरचा ५ चे ३.३ व्होल्ट करणारा रेग्युलेटर विसरतात, तोही चांगलाच तापतो, एक छोटा तुकडा त्यालाही.

कूलरसमोर मात्र अजिबात ठेवू नका, तो दमट वारा या बोर्डाला नको. तसंही या मशीनचे कपॅसिटर आता तिशी ओलांडलेले, गळायला टपलेले. उष्णता १० डिग्री वाढली की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तुमचे बदलले नसतील तर फॅनच्या आधी ते काम करा, खरंच.

प्रश्न : माझ्या ४८के स्पेक्ट्रम या जुन्या होम कॉम्प्युटरला एसडी कार्डचा इंटरफेस लावल्यापासून एक बाजू हाताला चटका देते. छोटा फॅन बसेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : फॅन नको, उगमच बंद करा. आत ७८०५ रेग्युलेटर आहे, तो ९ व्होल्टच्या अडाप्टरचे ५ करतो आणि उरलेलं नुसतं गरमी म्हणून फेकतो, आणि तो जुना अडाप्टर ९ म्हणता म्हणता ११ पण देतो. ७०० मिलीअँप धरले तर ३.५ वॅट कामाचे आणि ४.२ वॅट वाया! त्याच जागी तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर बसतो, चटका गेलाच समजा. डेसिबेल्स कंपनीचा आपल्याकडे मिळायचा तो डीबी स्पेक्ट्रम+ असेल तर काढण्याआधी बोर्डचा फोटो काढून ठेवा. आणि नवीन अडाप्टर घेताना बघा, स्पेक्ट्रमच्या पिनला मधोमध मायनस असतो, बाजारातल्या बहुतेकांना प्लस.

प्रश्न : माझ्या कमोडोर ६४ या जुन्या कॉम्प्युटरच्या आत चंदेरी कागद लावलेला पुठ्ठा आहे, काढला तर चालेल?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालेल काय, काढाच. चिपांवर गोधडी घातल्यासारखं आहे ते. पत्र्याचा शिल्ड असेल आणि त्याच्या जिभा चिपांना टेकत असतील तर मात्र राहू द्या, तो हीटसिंकचं काम करतो, फक्त वाळलेली पेस्ट खरवडून नवीन लावा.