गीझर खालून गळतोय? आधी टाकीच गेली का ते बघा

तुम्ही लिहिलंय : नागपूरच्या बेसा भागात घर, बोअरचं पाणी, १५ लिटरचा गीझर पाचव्या वर्षी खालून गळायला लागला, मेकॅनिक म्हणतो टाकी गेली, आता २५ लिटरचा घ्यावा की गॅसचा? हेच दुखणं आमच्याकडेही होतं, म्हणून जरा लांबण लावतो.

घाई करू नका. एमसीबी पाडा, इनलेटचा कॉक बंद करा, खालचं झाकण काढून सगळं कोरड्या फडक्याने पुसा आणि बॅटरी मारून बघत राहा. कॉइल ज्या गोल चकतीवर बसते त्या फ्लँजच्या कडेने थेंब येत असेल तर रबरी गॅस्केट गेलंय, काम किरकोळ आहे. टाकीच्या जोडातून तांबूस पाणी झिरपत असेल तर मात्र टाकी संपली. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता खरा मुद्दा. टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, अॅनोड म्हणतात तिला. टाकीचं पोलाद गंजायच्या ऐवजी ती स्वतः झिजते. नवी असताना बोटाएवढी जाड, गुळगुळीत. बोअरच्या पाण्यात कधी कधी दोन वर्षांत कुरतडलेल्या खडूसारखी होते आणि मधली तार दिसायला लागते. तार दिसली की टाकीचा वाली कोणी नाही. आमच्याकडे येणाऱ्या सर्व्हिस सेंटरने (नाव घेत नाही) दरवर्षी कॉइल खरवडून पावती फाडली, कांडीला हात लावला नाही. टाकी फुटल्यावर कागदावर काय लिहिलं? 'पाणी जड, वॉरंटी लागू नाही.' अरे, पाणी जड आहे म्हणूनच तर तुम्हाला बोलावत होतो ना! तेव्हा सर्व्हिसच्या वेळी समोर उभं राहा, कांडी बाहेर काढायला लावा, फोटो घ्या, बदलली तर पावतीवर 'अॅनोड बदलला' असं लिहून घ्या. फ्लँज उघडला की गॅस्केट नवंच टाकायचं.

टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं यंत्र) विसंबू नका. जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा असतो. सॉफ्टनर लावल्यावर पाणी मऊ होतं, पण मीटरचा आकडा जवळपास तोच राहतो.

माझं मत (इलेक्ट्रिशियन नाही, वायरिंगचं त्यालाच विचारा) : ग्लासलाइन (आतून काचेचा लेप असलेली) टाकी, जाड अॅनोड, आणि थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर न्यायचा नाही. त्याच्या वर पांढरा थर फार झपाट्याने बसतो. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला २ किलोवॅटच्या कॉइलला साधारण २१ मिनिटं लागतात आणि त्यात गार पाणी मिसळून आंघोळीजोगं ३० लिटर होतं. चौघं लागोपाठ आंघोळ करत असाल तर २५ लिटरचा घ्या, नाहीतर १५ पुरे. ३ लिटरचा इन्स्टंट स्वयंपाकघरापुरता ठीक. डिसेंबरच्या थंडीत २० लिटरची बादली भरायला नऊ-दहा मिनिटं घेतो. गॅसचा बंद न्हाणीघरात नकोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गच्चीवरच्या टाकीवर प्रेशर पंप असेल किंवा उंच इमारतीत राहत असाल, तर ८ बारचं, म्हणजे जास्त दाब सोसणारं, मॉडेल बघा. उभ्याच्या जागी आडवा चालत नाही, भोकंही जुळत नाहीत. नव्या फ्लॅटची भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर साधे फास्टनर धरत नाहीत आणि भरलेला २५ लिटरचा गीझर ३० किलोच्या वर जातो.

पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून पेलाभर पाणी ठिबकतं. ते फुगलेलं पाणी आहे, बिघाड नाही. प्लंबर तिथे बूच मारू बघेल, मारू देऊ नका. व्हॉल्व्हच्या तोंडाला नळी लावून मोरीत सोडा. गीझर बंद असतानाही ठिबकत राहिलं तर मात्र व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलाय किंवा पंपाचं प्रेशर जास्त आहे.

आणि हो, मे महिन्यात आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणीच चटके देतं. कांडी बदलायचं काम तेव्हाच उरका. थंडी पडली की मेकॅनिक फोन उचलत नाहीत.